डोंगरगावं पाहायची, मुक्काम मात्र पायथ्याशी



मुलांच्या परीक्षा संपत आल्या की आपल्याकडे युरोपच्या गप्पा सुरू होतात, आणि त्यात हल्ली इटलीचं नाव फार निघतं. रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस तर आहेच, पण आता अनेकींना टस्कनी आणि उंब्रियातली ती डोंगरावरची जुनी गावंही पाहायची असतात. दगडी घरं, अरुंद बोळ, खाली पसरलेली शेतं. मला विचारणाऱ्या बहुतेकींचा पहिला प्रश्न एकच असतो : "तिथे आपल्या जेवणाचं काय?"

माझं म्हणणं आहे की हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न मुक्कामाचा. कुठे राहायचं हे नीट ठरलं तर जेवणाचा, चौविहाराचा, सामायिकाचा, म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांचा, असे सगळेच प्रश्न निम्म्याने हलके होतात. ते चुकलं तर ट्रॉलीभर खाकरे नेऊनही चिडचिड उरतेच. माझं मत आधीच सांगून टाकते : डोंगरगावं पाहायची असतील तर डोंगरावर राहू नका आणि शहरातही राहू नका. पायथ्याच्या शिवारात, स्वयंपाकघर असलेलं एकच घर आठ दिवसांसाठी घ्या आणि तिथून रोज एक गाव पाहून या.

आपल्याला हे नवीन नाही

ही गावं डोंगरावर का वसली? शत्रूपासून बचाव हे मुख्य कारण. खालच्या दलदलीतला हिवताप हे दुसरं. कित्येक गावांची जागा तर रोमनांच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांनी हेरलेली. म्हणजे ही गावं मुळात माणसांना सहजी वर येता येऊ नये अशीच बांधली आहेत. चढ, पायऱ्या, गुळगुळीत झालेले दगड. सामानाच्या बॅगा ओढत तिथे वर जाणं म्हणजे शिक्षा आहे. बाहेरच्या गाड्यांना जुन्या गावात बहुतेक ठिकाणी बंदी असते. वेशीवर कॅमेरे असतात आणि चुकून आत गेलात तर दंडाचं पत्र भाड्याच्या गाडीच्या कंपनीमार्फत तुमच्यापर्यंत येतं.

आता आपली तीर्थं आठवा. शत्रुंजयावर रात्रीचा मुक्काम कोणी करत नाही. पहाटे चढायचं, दर्शन-पूजा करायची आणि दिवस मावळायच्या आत खाली यायचं. शिखरजीला मुक्काम मधुबनात. मांगी-तुंगीला धर्मशाळा पायथ्याशी. कुंभोज बाहुबलीला आश्रम खाली, टेकडीवरची मंदिरं वर. डोंगर पाहायचा कसा हे आपल्या आजी-पणजींना कोणी शिकवायला लागलं नाही. पायथ्याला घर, सकाळी चढण, दुपारी उतरण. इटलीच्या डोंगरगावांना मी हाच नियम लावते. घर ही आपली धर्मशाळा, आणि तिच्यात चूल आपली.

आठ दिवसांचं दिग्व्रत

श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. दहा दिशांना आपण किती दूर जाणार याची मर्यादा आधीच ठरवायची. काही दिवसांपुरती ती मर्यादा आणखी आवळायची, ते देशव्रत. आपण हे पाठ म्हणतो, पण प्रवासाला निघताना त्याची आठवण क्वचितच होते. प्रवासाचा कागद हातात येतो तेव्हा त्यात नऊ दिवसांत सहा शहरं असतात. रोज सकाळी बॅग भरायची, रोज रात्री उघडायची, आणि मधले पाच तास बसमध्ये.

घर ठरवतानाच मी नकाशावर एक वर्तुळ काढते, साधारण पन्नास किलोमीटरचं. आठ दिवस त्याच्या बाहेर जायचं नाही. राहिलेलं राहू द्यायचं. व्हेनिस राहिलं? राहिलं. सगळं पाहूनच यायचं ही हाव कमी केली की पाहिलेलं नीट दिसतं आणि मन शांत राहतं. परिग्रह फक्त वस्तूंचा नसतो, पाहिलेल्या ठिकाणांच्या यादीचाही असतो असं मला वाटतं.

सूर्याचं गणित

आता वेळेचं बघू. मे महिन्याच्या मध्यावर असिसीच्या भागात सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि आठ वाजून वीस मिनिटांच्या आसपास मावळतो. जूनच्या शेवटी सूर्यास्त पावणेनऊच्या पुढे जातो. दिवस लांब आहे, मग चौविहार सोपा, असं वाटतं. पण तिथली खानावळ संध्याकाळी साडेसातच्या आत सहसा उघडत नाही. सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं आधी जेवण आटोपायचं असेल, तर मे महिन्यात साडेसातला तुमचं ताट आवरलेलं हवं. तिथे त्या वेळी टेबलावर कापड घालणं चालू असतं. ऑक्टोबरच्या मध्यावर तर साडेसहालाच सूर्य मावळतो. म्हणजे कोणत्याही ऋतूत संध्याकाळचं जेवण बाहेर हा विषयच आपल्यासाठी मिटला. ज्या घरात चूल नाही, तिथे चौविहार पाळणाऱ्या माणसाला रोज कोरडा खाऊ खाऊन झोपावं लागणार. सत्तरीच्या सासूबाईंना आठ दिवस खाकऱ्यावर ठेवणं मला पटत नाही.

जायचं कधी, याचंही उत्तर आपल्या पंचांगात आहे. आषाढ ते कार्तिक चातुर्मास, त्या काळात शक्यतो लांबचा प्रवास टाळावा अशी आपली रीत. तिकडे पाहिलं तर इटलीत शिकारीचा हंगाम कायद्याने सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी सुरू होतो आणि जानेवारीच्या अखेरपर्यंत चालतो. टस्कनी-उंब्रियाच्या रानात तेव्हा रानडुकरांच्या मागे कुत्री आणि बंदुका घेऊन माणसं फिरतात. शिवारात घर घेऊन सकाळी सामायिकाला बसावं आणि बाहेर बंदुकीचा आवाज यावा, हे कोणाला हवंय? तेव्हा एप्रिलचा शेवट ते जूनचा मध्य हाच आपला काळ. शाळांना सुट्टी असते आणि ऊनही सोसवतं.

कोणतं शिवार?

आपल्या बायका तीन भागांची नावं घेतात. तिन्हींबद्दल माझं मत सांगते.

कियान्ती. फ्लोरेन्स आणि सिएना यांच्या मधला भाग. सुंदर आहे यात वाद नाही, पण हा द्राक्षमळ्यांचा मुलूख आहे. इथल्या बऱ्याच शेतघरांचा मुख्य धंदा दारू गाळण्याचा. घराला लागून पिंपांचं तळघर आणि आल्याबरोबर यजमानांचा पेला पुढे. प्रेमाने देतात, पण रोज नको म्हणण्याची वेळ आपल्यावर का आणायची?

व्हाल दोर्चा. सिएनाच्या दक्षिणेला. फोटोत दिसणारे ते सरूच्या झाडांचे वळणदार रस्ते बहुतेक इथलेच. पियेन्झा हे गाव एका पोपने, दुसऱ्या पायसने, १४५९ पासून आपल्या जन्मगावाच्या जागी नव्याने बांधवून घेतलं. १९९६ मध्ये ते जागतिक वारशात आलं आणि २००४ मध्ये सगळं खोरंच आलं. पियेन्झा, सान क्विरिको, मोन्तेपुल्चानो, मोन्ताल्चिनो सगळी जवळजवळ. देखाव्यासाठी याच्याइतकं दुसरं नाही. पण इथे गाडीशिवाय हलता येत नाही. घरं एकाकी, पांढऱ्या मातीच्या रस्त्याच्या टोकाला. कोथिंबिरीची जुडी हवी तरी गाडी काढा. घरात दोघेजण उजव्या बाजूने गाडी चालवायला तयार असतील आणि निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला असेल, तरच इथे जा.

उंब्रियाचं खोरं. असिसी ते स्पोलेतो. माझी पसंती याला. आम्ही मे महिन्यात स्पेल्लोच्या पायथ्याशी ऑलिव्हच्या झाडांमध्ये एका शेतघरात राहिलो होतो. डोंगराच्या कडेने गावांची माळ आहे : असिसी, स्पेल्लो, त्रेव्ही, स्पोलेतो. खाली सपाट शेतं आणि त्यातून जाणारी रेल्वे. स्पेल्लोहून असिसी गाडीने दहा-बारा मिनिटं, पेरुजा त्याच्या पुढे अर्ध्या तासाच्या आत. असिसीचं स्टेशन खाली आहे, गाव चारेक किलोमीटर वर, पण बस थेट वेशीपर्यंत नेते. पेरुजाला तर जुन्या किल्ल्याच्या पोटातून सरकते जिने वर चौकाच्या तोंडाशी आणून सोडतात. स्पोलेतोलाही असेच जिने आहेत. सासूबाई पेरुजा चढल्या आणि म्हणाल्या, "असं आपल्या गडाला करायला हवं." बेव्हान्या हे जुनं गाव तर सपाटीवरच आहे, ज्या दिवशी पाय दुखतील त्या दिवसासाठी ठेवा. ओर्व्हिएतो मात्र दुसऱ्या रेल्वेमार्गावर आहे, त्याचा मोह या मुक्कामात धरू नका.

असिसीबद्दल आणखी एक. संत फ्रान्सिस हा कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा. आपल्यात असे किती आहेत! भर लोकांत, बिशपसमोर, अंगावरचे कपडे उतरवून बापाला परत दिले आणि निघून गेला. १२२६ मध्ये वारला, म्हणजे २०२६ मध्ये त्याला ८०० वर्षं होतात. त्याच्या मागोमाग घर सोडणारी क्लारा ही थोरा-मोठ्यांच्या घरातली मुलगी. रात्री घरातून निघाली आणि तिचे केस फ्रान्सिसने कापले. तिचा पहिला मठ सान दामियानो, असिसीच्या खाली ऑलिव्हच्या झाडीत आहे. त्या लहानशा, काळसर दगडांच्या खोल्यांत उभं राहिलं की मला आपल्या आर्यिका माताजींची आठवण आली. दोन्ही मार्ग एक आहेत असं मी म्हणत नाही. फ्रान्सिसच्या नियमात भिक्षेत पुढे येईल ते सगळं खाण्याची मोकळीक आहे, आपल्या साधूंचा आहार किती शोधून, किती अंतराय टाळून होतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. तरी मुलांना त्याग ही गोष्ट फक्त आपल्या पाठशाळेत नसते हे दिसलं, तर त्यात चांगलंच आहे.

तीन मकार आणि शेतघर

इटलीत शेतकऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून राहण्याच्या या पद्धतीला आग्रितुरिस्मो म्हणतात. १९८५ मध्ये त्यासाठी पहिला राष्ट्रीय कायदा झाला आणि २००६ मध्ये नवा आला. खरा शेतकरीच हे करू शकतो आणि शेती हाच त्याचा मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे, असं बंधन आहे. म्हणजे घर निवडताना आपण एक शेत निवडत असतो, आणि आपले पैसे त्या शेतात जातात.

अष्टमूलगुणांत आपण काय म्हणतो? मद्य, मांस, मधु आणि पाच उदुंबर फळांचा त्याग. इटलीच्या शिवाराची हौशी जाहिरात वाचा : घरची वाइन, घरच्या डुकराचं मांस, घरचा मध आणि दारातलं अंजीर! आपण सोडलेलं सगळं एका ओळीत. कोणी म्हणेल, आपण खाणार नाही ना, मग झालं. मला ते पुरेसं वाटत नाही. निवडीला वाव आहे तर निवडावं. ऑलिव्हचं शेत शोधा. उंब्रियात ते मुबलक आहेत, उतारच्या उतार भरलेले. धान्य-कडधान्याचं शेत मिळालं तर उत्तम. सान जिमिन्यानोच्या बाजूला जाणार असाल तर तिथे केशराची शेती आहे, आणि केशर तर आपल्या पूजेतलं. ऑलिव्हची काढणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते, त्यामुळे मे महिन्यात यजमानही निवांत असतात आणि बोलायला वेळ असतो.

ओट्यावर काय येतं

स्वयंपाकघर असलं की आपला निम्मा स्वयंपाक तिथल्या बाजारातच सापडतो. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या बायकांना आनंद होईल अशी गोष्ट म्हणजे फार्रो. हा आपला खपली गहूच. सणाला आपण ज्याची खीर करतो तोच, भरडलेला आणि अख्खा, दोन्ही मिळतो. कास्तेल्लुचोच्या डोंगरातली बारीक मसुरासारखी डाळ भिजवावी लागत नाही. चिचेर्क्या नावाचं कडधान्य म्हणजे विदर्भात ज्याला लाख म्हणतात ते. बेसन कोणत्याही सुपरमार्केटमध्ये 'फारीना दी चेची' या नावाने असतं. टस्कनीच्या किनाऱ्यावर तर बेसन, पाणी, तेल आणि मीठ एवढ्यावर जाडसर धिरडं भाजतात, त्याला चेचिना म्हणतात. रव्याची कोरडी पास्ता फक्त गहू आणि पाण्याची असते, ताज्या पास्तात मात्र बहुधा अंडं असतं. भाज्यांत मटार, कोवळ्या बाकल्याच्या शेंगा, झुकिनी, टोमॅटो, पालेभाज्या. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं सोडणाऱ्यांना डाळी आहेतच.

चीजबद्दल मात्र सावध. दूध घट्ट करायला वासराच्या किंवा कोकराच्या जठरातला पदार्थ वापरतात, त्याला तिथे काल्यो म्हणतात. पार्मिजानोमध्ये तो वासराचाच असावा लागतो, असा त्याचा नियमच आहे. पियेन्झाचं प्रसिद्ध पेकोरिनोही बहुधा तसंच. वेष्टनावर 'काल्यो वेजेताले' म्हणजे वनस्पतिजन्य असं लिहिलेलं असेल तर ते वेगळं. रिकोत्ता चीजच्या उरलेल्या पाण्यातून होतो, म्हणून तोही विचारून घ्या. बाकी शब्द कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा : आल्यो लसूण, चिपोल्ला कांदा, पताते बटाटे, कारोते गाजर, उओवा अंडी, स्त्रुत्तो चरबी, ब्रोदो मांसाचं पाणी असण्याची शक्यता, मिएले मध. बाहेर जेवताना लक्षात ठेवा की तिथल्या बऱ्याच रश्श्यांची सुरुवातच कांदा, गाजर आणि सेलरीच्या परतणीने होते आणि तो आधीच करून ठेवलेला असतो. "कांदा काढून द्या" म्हणून तो निघत नाही. दुपारी बाहेर खायचंच असेल तर साधी पास्ता, ऑलिव्ह तेल आणि कच्चा टोमॅटो सांगा.

घरून काय न्यावं? स्वतःचा तवा, छोटा स्टीलचा कुकर, सुरी, पाण्याचं गाळणं. घरातल्या भांड्यांत आधी काय शिजलं असेल ते सांगता येत नाही, म्हणून एवढं न्यायचंच. शेगडी गॅसची की इंडक्शन ते आधी विचारा, इंडक्शनवर अॅल्युमिनियमचा कुकर तापत नाही. दूध आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेऊ देत नाहीत, म्हणजे तूप आणि पेढे घरीच ठेवा. ताजी मिरची-कढीपत्ताही नको. आठ दिवस ऑलिव्हचं तेल हेच तूप समजा. चपातीला लावून मुलांनी मागून खाल्लं.

मग सुट्टी कोणाची?

आता खरी अडचण. हे सगळं वाचून तुमच्यापैकी अनेकींनी कपाळाला हात लावला असेल. "इतके पैसे भरून इटलीत जायचं आणि तिथेही पोळ्याच लाटायच्या?" हा प्रश्न मला पूर्ण पटतो. याच भीतीने कित्येकजणी स्वयंपाकी बरोबर असलेली सहल घेतात, काहीजणी नियम घरी ठेवून जातात आणि काहीजणी जातच नाहीत. सहलीच्या बसमधली जैन थाळी वाईट नसते, आणि एकट्या म्हाताऱ्या जोडप्यासाठी तोच मार्ग बरा. पण ती बस डोंगरगावात तासभर थांबते आणि जेवणाच्या वेळेवर पळते. संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताच्या आत मिळेल की नाही, हे रस्त्यावरची वाहनं ठरवतात.

माझं म्हणणं असं आहे. चौविहार घरातल्या सगळ्यांचा असेल तर ओटाही सगळ्यांचा. पुण्य सगळ्यांनी घ्यायचं आणि हात फक्त सुनेचे, हे मी कुठल्या शास्त्रात वाचलेलं नाही. घरी ते बदलणं अवघड जातं, कारण घरी प्रत्येकाच्या सवयी आणि कामाच्या वेळा ठरलेल्या असतात. परक्या घरात सगळेच नवखे असतात. कुठल्या कप्प्यात काय आहे हे बाईलाही माहीत नसतं आणि पुरुषालाही. तिथे वाटणी करणं सोपं जातं.

तिकिटं काढायच्या आधी आमच्या घरी तीन गोष्टी बोलून ठरल्या. संध्याकाळी एकच पदार्थ, कुकरातला : खिचडी, डाळ-फार्रो, नाहीतर भाजी घातलेली पास्ता. चपात्या दोनच दिवस. भाजी चिरणं यांच्याकडे, भांडी मुलाकडे, उद्या दुपारच्या डब्याची तयारी लेकीकडे. सासूबाईंनी डाळ निवडण्याचं काम स्वतःहून मागून घेतलं, अंगणात बसून, समोर डोंगरावर स्पेल्लो. सहाला घरी परतायचं, सातपर्यंत जेवून मोकळं. पुढे सव्वा तास उजेड. त्या उजेडात ऑलिव्हच्या रांगांतून सगळे चालायला जायचे, आणि सूर्य गेला की मी सामायिकाला बसायची. घरात मला कोणी हाक मारली नाही. खरं सांगते, अठ्ठेचाळीस मिनिटं कोणीही हाक न मारलेलं सामायिक मला पुण्यात महिन्यातून एकदाही मिळत नाही.

अशी वाटणी तुमच्या घरी निघण्यापूर्वी होत नसेल, तर शेतघर घेऊ नका. हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. मग त्या सुंदर खिडकीच्या ओट्यापाशी तुम्ही एकट्या उभ्या असाल आणि बाकीचे बाहेर फोटो काढत असतील. नियम राहील, पण तो पाळणारीच्या मनात राग साठेल. कषाय वाढवून पाळलेल्या नियमाचं काय करायचं?

घर नक्की करण्यापूर्वी

यजमानांना हे प्रश्न आधी लिहून विचारा.

पूर्ण स्वयंपाकघर आहे की नुसती किटली आणि फ्रिज? शेगडी कसली?

किराण्याचं दुकान आणि रेल्वे स्टेशन चालत किती मिनिटांवर? गाडीने किती, हे उत्तर धरू नका.

शेतात काय पिकतं? जनावरं मांसासाठी पाळली आहेत का? घरातल्या न्याहारीत आणि स्वागतात काय असतं?

आठवड्याचा मुक्काम कोणत्या वारी सुरू होतो? हंगामात बऱ्याच ठिकाणी शनिवार ते शनिवारच देतात, विमानाचं तिकीट त्याप्रमाणे काढावं लागतं. रविवारी आणि दुपारी लहान गावातली दुकानं बंद असतात, म्हणून पोचल्या पोचल्या, शनिवारीच, दोन दिवसांचं सामान भरून घ्या.

तळमजल्यावर झोपायची खोली आहे का? जुन्या घरांचे जिने उभे असतात.

आणि एक प्रश्न यजमानांना नाही, आपल्या महाराजांना किंवा माताजींना विचारायचा. रोज देवदर्शनाशिवाय अन्न न घेण्याचा नियम असेल तर निघण्यापूर्वी त्यांच्याशी बोला. ते काय सांगतील ते तुमच्या नियमावर अवलंबून आहे, मी त्यात मत देणार नाही. आम्ही एक छोटा फोटो आणि जिनवाणी नेली होती. खिडकीपाशी स्वच्छ कापडावर ठेवून रोज सकाळी भावपूजा केली. ताजी फुलं नव्हती, अष्टद्रव्य नव्हतं, अर्घ्य मनानेच चढवलं.

यंदा जाणार असाल तर नकाशावर आधी वर्तुळ काढा, मग तिकिटं बघा. घर सापडलं की मला कळवा. शेतात काय पिकतं तेही लिहा, म्हणजे पुढच्या मैत्रिणीला सांगता येईल.